पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ: क्षयरोगावरच्या एका संशोधनाचं वाचन

मालेतल्या मागच्या व्याख्यानांमध्ये आपण पुस्तकं वाचली, नाटकं वाचली. आज एक शोधनिबंध वाचायचा आहे. वाचायचा म्हणजे त्याचा निष्कर्ष ऐकून टाळ्या वाजवायच्या नाहीत. एखादी कादंबरी आपण जशी वाचतो, म्हणजे लेखकाला काय म्हणायचंय, तो काय सिद्ध करतो, काय गृहीत धरतो आणि काय सांगायचं राहून जातं, तसाच हा निबंध वाचायचा. वैद्यकीय संशोधनावर टीका करायची म्हटलं की लोकांना वाटतं, हे डॉक्टरांचं काम, आपल्याला काय कळतंय! पण त्या निबंधावर सरकारी धोरण ठरतं, आपल्या करातला पैसा खर्च होतो आणि आपल्याच गल्लीतला माणूस जगतो किंवा मरतो. तेव्हा तो वाचण्याचा हक्क आपल्याला आहेच.

विषय आहे क्षयरोग. जुना, कंटाळवाणा वाटणारा रोग. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये भारतात सुमारे २८ लाख माणसांना हा रोग झाला. म्हणजे जगातल्या दर चार रुग्णांमागे एक आपला. तेव्हा जुना असला तरी तो संपलेला नाही.

आधी नावापासून सुरुवात करू. इंग्रजी नाव ट्युबरक्युलोसिस हे फुप्फुसात दिसणाऱ्या गाठींवरून आलंय. आपलं नाव 'क्षय'. क्षय म्हणजे झिजणं, कमी होत जाणं. कृष्णपक्षातल्या चंद्राचाही क्षयच होतो. दक्षाच्या शापानं चंद्राला राजयक्ष्मा झाला, ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. इंग्रजीतही या रोगाला पूर्वी असंच नाव होतं, माणसाला खाऊन टाकणारा या अर्थाचं. म्हणजे लोकांना जे दिसलं ते हे: माणूस वाळतो. यातच आजच्या सगळ्या चर्चेची मेख आहे. माणूस रोगामुळे वाळतो, की वाळलेल्या माणसाला रोग गाठतो?

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं आणि या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. जंतू आला की रोग आला, रोग आला की माणूस वाळला. कारण एक, दिशा एक. हा शोध किती मोठा होता हे वेगळं सांगायला नको. त्याच्याशिवाय ना थुंकीची तपासणी, ना औषधं. पण त्या उत्तरानं एक गोष्ट झाकली. क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेल्या माणसांपैकी आयुष्यभरात प्रत्यक्ष रोग होतो तो साधारण ५ ते १० टक्क्यांना. उरलेल्यांच्या शरीरात जंतू शिरतो आणि शरीर त्याला आवरून धरतं. मग ज्यांना रोग होतो त्यांचं वेगळं काय असतं? जंतू तर तोच आहे. फरक माणसात आहे, आणि माणूस कुठे राहतो, काय खातो, यात आहे.

कॉखनंतरही साठेक वर्षं औषध नव्हतंच. तेव्हा डॉक्टर काय करायचे? हवा, विश्रांती आणि खुराक. सॅनेटोरियम उभी राहिली. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला, पुण्यात औंधला, मुंबईत शिवडीला क्षयाची इस्पितळं झाली. दूध, अंडी, लोणी हा उपचाराचा भाग मानला जायचा. यातलं किती शास्त्रानं सिद्ध केलेलं होतं? फारच थोडं. पण निदान भुकेचा आणि क्षयाचा संबंध आहे, हे कुणी विसरलेलं नव्हतं.

ते विसरायला लावणारा प्रयोग भारतातच झाला, हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. १९५६ मध्ये मद्रासला ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल, अशा चौघांचं ते काम. नवी औषधं आली होती, पण रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी. प्रश्न साधा आणि निकडीचा होता: सॅनेटोरियममध्ये न ठेवता, घरीच औषधं दिली तर चालेल का? रुग्णांचे दोन गट केले. दोघांना तीच औषधं, बारा महिने. एक गट सॅनेटोरियममध्ये, चांगल्या खुराकावर. दुसरा मद्रासच्या गरीब वस्त्यांतल्या आपापल्या घरी, दाटीवाटीत, घरात जे शिजेल ते खाऊन.

निकाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. सॅनेटोरियममधल्यांचं वजन जास्त वाढलं. पण थुंकीतले जंतू नाहीसे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. घरच्या माणसांनाही रुग्ण घरी ठेवल्यामुळे जास्त धोका झालेला दिसला नाही. हा निकाल जगभर गाजला, आणि तो गाजायलाच हवा होता. त्यानं गरीब रुग्णाला वर्ष-वर्ष घरापासून तोडणं थांबवलं. जगभरच्या क्षय कार्यक्रमांची दिशा त्यानं बदलली.

पण आता टीकाकाराच्या नजरेनं बघा. त्या प्रयोगानं विचारलं काय होतं? औषध पोटात जात असेल, तर जंतू मारण्यासाठी सॅनेटोरियमची गरज आहे का? उत्तर आलं: नाही. आणि आपण, म्हणजे वैद्यकीय जगानं, वाचलं काय? क्षयात आहाराला महत्त्व नाही! या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं वाक्य एक वर्षाच्या औषधोपचारात थुंकीचं काय होतं याबद्दल आहे. उपाशी माणसाला रोग होतोच का, तो वाचतो का, उठून कामावर जातो का, याबद्दल त्यात काहीही नाही. पण सोयीचं वाचन लवकर पसरतं. औषध वाटणं सरकारला जमण्यासारखं होतं. भूक मिटवणं अवघड होतं. मग 'भुकेचा संबंध नाही' हे विधान सगळ्यांनाच हवंहवंसं झालं. पुढची कित्येक दशकं क्षयाच्या कार्यक्रमात गोळ्या मोजल्या गेल्या, रुग्णाचं ताट कुणी बघितलं नाही.

आमचा पहिला आक्षेप इथे आहे, आणि तो प्रयोगावर नाही. प्रयोग चोख होता. आक्षेप त्याच्या वाचनावर आहे. चांगल्या संशोधनाचंही वाईट वाचन होऊ शकतं, आणि त्याची किंमत ज्यांनी तो निबंध कधी पाहिलाही नाही ती माणसं मोजतात.

आता रोगाच्या यंत्रणेकडे वळू, कारण 'अशक्त माणूस आजारी पडतो' हे आजीसुद्धा सांगेल. विज्ञानानं त्यापुढे जाऊन काहीतरी सांगायला हवं. क्षयाचा जंतू श्वासातून फुप्फुसात जातो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात, पण मारू शकतातच असं नाही. जंतू त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. मग टी-पेशी येतात, गॅमा इंटरफेरॉनसारखे संदेश सोडतात, आणि त्या संदेशांनी मॅक्रोफेजना जंतू मारण्याचं बळ येतं. सगळ्या मिळून जंतूभोवती वेढा घालतात. हाच तो ग्रॅन्युलोमा, ती गाठ. हा वेढा एकदा घातला आणि संपलं, असं नसतं. तो रोज राखावा लागतो, वर्षानुवर्षं. पहारेकऱ्यांना रसद लागते.

ती रसद तुटली की काय होतं? कुपोषणात थायमस ग्रंथी आकसते, आणि टी-पेशी तयार होतात त्या तिथेच. चरबीच्या पेशींतून स्रवणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, आणि टी-पेशींना क्षयाविरुद्ध लागणारा जोर देण्यात त्याचा वाटा असतो. वेढा सैल पडतो आणि कोंडलेला जंतू बाहेर येतो. एचआयव्हीत जे एका विषाणूमुळे घडतं, त्याच्याच जातीचं काहीतरी इथे रिकाम्या पोटामुळे घडतं. हे आकड्यातही दिसतं. वेगवेगळ्या देशांतल्या अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण २०१० मध्ये झालं. बॉडी मास इंडेक्स एक अंकानं वाढला की क्षयाचा धोका साधारण १४ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात आढळलं.

तरीही कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की हा संबंध झाला, हे कारण नव्हे. बारीक माणसांना क्षय जास्त होतो, पण बारीक माणसं गरीबही असतात, दाट वस्तीत राहतात, चुलीच्या धुरात बसतात. मग खरं कारण कोणतं? याचं उत्तर निरीक्षणानं मिळत नाही. त्यासाठी कुणाला तरी खाऊ घालून बघावं लागतं. कॉखनंतर जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी तो प्रयोग झाला. झारखंडमध्ये.

त्याचं नाव 'रेशन्स'. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, आणि निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' आणि 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकांत आले. चार जिल्ह्यांतली २८ क्षयरोग युनिटं घेतली. फुप्फुसाचा क्षय झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. या घरच्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक आदिवासी: संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज. युनिटांची सोडत काढून दोन गट केले. रुग्णांना दोन्ही गटांत शिधा मिळाला: तांदूळ, सातू, दूध पावडर आणि तेल. घरच्यांच्या बाबतीत मात्र फरक केला. एका गटात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सहा महिने, दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटात घरच्यांना वेगळं काही नाही. मग २०२२ च्या जुलैपर्यंत माग ठेवला: कुणाला क्षय होतो?

दुसऱ्या गटात ४,७१२ जणांपैकी १२२ जणांना झाला. ज्यांना डाळ-तांदूळ मिळाला त्यांच्यात ५,६०२ पैकी ९६ जणांना. हिशेबातले इतर फरक जमेस धरून एकूण क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि ज्यात जंतू प्रत्यक्ष सापडला असा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी.

आता इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. थोडं थांबू. ३९ टक्के हा आकडा सापेक्ष आहे. प्रत्यक्षात २.६ टक्क्यांचे १.७ टक्के झाले. म्हणजे एक रोगी टाळायला साधारण १११ माणसांना, म्हणजे तीस घरांना, सहा महिने शिधा द्यावा लागला. हा आकडा संशोधकांनीच दिलाय, लपवलेला नाही. वर्तमानपत्रांनी मात्र ३९ आणि ४८ उचलले, १११ सोडून दिला. दोन्ही आकडे खरे आहेत. पण धोरण ठरवायला १११ लागतो, कारण खर्च त्यावरून निघतो.

दुसरं. अनिश्चिततेची मर्यादा बघा. ३९ टक्के हा मधला अंदाज. खरा परिणाम १५ टक्क्यांपासून ५७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, असं निबंधच सांगतो. परिणाम आहे, हे ठाम. किती आहे, हे तितकं ठाम नाही.

तिसरं. कोणाला शिधा मिळतोय हे सगळ्यांना दिसत होतं. तांदळाची खोटी गोळी काही करता येत नाही. त्यामुळे शिधा नेऊन देणारा कर्मचारी त्या घरांत नकळत जास्त बारकाईनं खोकला शोधत असेल किंवा कमी, अशी शंका घेता येते. पण थुंकीतल्या जंतूला कुणाच्या घरी डाळ आली हे माहीत नसतं, आणि परिणाम सर्वांत मोठा दिसला तो नेमका तिथेच. म्हणून ही शंका आम्हाला फार जड वाटत नाही.

चौथं. प्रयोगाच्या मध्येच कोविड आला. एप्रिल २०२० पासून सरकारनं रेशनकार्डावर जादा पाच किलो धान्य मोफत दिलं. ते दोन्ही गटांतल्या घरांना मिळू शकत होतं. म्हणजे तुलना 'खाणं विरुद्ध उपास' अशी राहिली नाही, 'थोडं विरुद्ध थोडं जास्त' अशी झाली. तसं असेल तर खरा फरक दिसला त्याहून मोठाही असू शकेल. शक्यता म्हणून सांगतोय, सिद्ध झालंय म्हणून नव्हे.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. रुग्णांबद्दलचा जो दुसरा निबंध आहे, त्यात असं दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. हे वाक्य भाषणांत फार वापरलं जातं. पण रुग्णांना तर सगळ्यांनाच शिधा मिळत होता! तिथे तुलनेला दुसरा गट नाही. मग वजन वाढलं म्हणून माणूस वाचला, की औषध लागू पडून तो बरा होत होता म्हणून वजन वाढलं? सुरुवातीला 'क्षय' या शब्दापाशी जो प्रश्न विचारला होता तोच हा, उलट्या दिशेनं. घरच्यांच्या बाबतीत सोडतीनं त्याचं उत्तर दिलं. रुग्णांच्या बाबतीत दिलेलं नाही. रुग्णांना उपाशी ठेवून तुलना करणं अनैतिक ठरलं असतं, म्हणून संशोधकांनी ती केली नाही, आणि योग्यच केलं. पण मग त्या आकड्यावर भार टाकताना आपणही जपून टाकायला हवा. वजन हा धोक्याचा बावटा म्हणून उत्तम आहे. दोन महिन्यांत वजन हललं नाही तर त्या रुग्णाकडे धावत जा. वजनकाट्याला पैसे लागत नाहीत. एवढं त्या निबंधातून नक्की घेता येतं.

आता एक तुलना करू, जराशी टोचणारी. एम७२ नावाची क्षयाची नवी लस आहे. तिच्या मधल्या टप्प्याच्या चाचणीत, तीन वर्षांत, लस घेतलेल्यांत १३ रोगी निघाले आणि न घेतलेल्यांत २६. परिणामकारकता जवळपास ५० टक्के. जगभर बातम्या झाल्या, आणि व्हाव्यातच. पुढच्या मोठ्या चाचणीसाठी दोन बड्या विश्वस्त संस्थांनी मिळून ५५ कोटी डॉलर ठरवले आणि २०२४ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. या दोन संशोधनांची थेट बरोबरी करता येत नाही, माणसं वेगळी, मुदत वेगळी. आणि लस आलीच पाहिजे, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण परिणाम साधारण त्याच पातळीचा असताना एकीला आपण 'शोध' म्हणतो आणि दुसऱ्याला 'मदत', 'धर्मादाय', 'फुकट वाटप' म्हणतो. असं का? कारण तुरीच्या डाळीचं पेटंट निघत नाही. तिला कंपनी नाही, तिची जाहिरात नाही, तिच्यासाठी परिषदेत जेवणावळी होत नाहीत.

आणि लस तरी रिकाम्या पोटी काम करते का? प्रथिनं तोडलेल्या गिनीपिगांवर जुने प्रयोग झालेत. बीसीजीचं संरक्षण त्यांच्यात ढासळलं, आणि खाणं पूर्ववत केल्यावर परत आलं. प्राणी आणि माणूस एक नव्हेत, हे मान्य. पण लस ही शरीराकडून काम करून घेते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता सरकारी धोरणाचं वाचन. २०१८ मध्ये निक्षय पोषण योजना आली. रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, आणि वजन फार कमी असलेल्यांना सुरुवातीचे दोन महिने जादा पूरक आहारही ठरला. २०२२ पासून 'निक्षय मित्र' आहेत, म्हणजे दात्यांनी रुग्ण दत्तक घेऊन शिधा द्यायचा, आणि २०२४ मध्ये घरच्यांनाही त्यात घेतलं. हे पाऊल योग्य दिशेचं आहे, ते तसं म्हटलंच पाहिजे. पण गणित करा. ५०० रुपये भागिले ३० दिवस: सतरा रुपयेसुद्धा नाहीत. १,००० केले तरी तेहतीस. आणि आपल्याकडे आई कधी एकटी जेवते का? ताट एकाचं, वाटेकरी पाच. 'रेशन्स'च्या संशोधकांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी घर हे एकक धरलं. सरकारनं घरच्यांना धरलं ते दात्याच्या इच्छेवर सोडून. आमचा मुख्य आक्षेप हा आहे: जी गोष्ट सोडत काढून, दहा हजार माणसांवर, रोग रोखणारी म्हणून सिद्ध झाली, ती दातृत्वावर का अवलंबून असावी? रिफॅम्पिसिनची गोळी आपण देणगीदाराची वाट बघून देत नाही.

हे महाराष्ट्रालाही लागू आहे का? प्रयोग झारखंडचा. तिथल्या घरच्यांपैकी एक तृतीयांश लोक कुपोषित होते. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली इथे चित्र फार वेगळं असेल असं मानायला जागा कमी. मुंबईचं मात्र वेगळं. तिथे दाटी आहे, मधुमेह आहे, आणि औषधांना न जुमानणारा क्षय आहे. २०११ च्या शेवटी मुंबईतल्याच डॉक्टरांनी जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाची नोंद जगापुढे ठेवली होती. त्या रुग्णाला डाळ-तांदूळ देऊन भागणार नाही. त्याला बेडाक्विलिनसारखी नवी औषधं वेळेवर मिळायला हवीत, आणि पोटभर जेवणही. 'अन्न की औषध' असा वाद घालणारे दोघेही चुकतात. मद्रासच्या निकालाचं जसं टोकाचं वाचन झालं, तसं आता झारखंडच्या निकालाचं उलट्या टोकाचं होऊ नये. 'चांगलं खा, क्षय होणार नाही' असं हा निबंध म्हणत नाही. शिधा मिळालेल्या गटातही ९६ जणांना क्षय झालाच होता. त्यांना 'तुम्ही नीट खाल्लं नाही' असं कुणी म्हणणार असेल, तर तो त्या निबंधाचा आणि त्या माणसांचा, दोघांचा अपमान होईल.

शेवटी एक आकडा. २०१५ मध्ये भारतात दर लाख माणसांमागे २३७ जणांना क्षय होत होता. २०२३ मध्ये १९५. म्हणजे आठ वर्षांत घट जेमतेम १८ टक्के, आणि आपण ठरवलं होतं २०२५ पर्यंत ८० टक्के. तपासणी यंत्रं वाढली, औषधं सुधारली, मृत्यूही कमी झाले, हे सगळं खरं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, हेही खरं. पण नवे रोगी तयार होण्याचा वेग का मोडत नाही, याचं उत्तर फक्त प्रयोगशाळेत शोधून मिळणार नाही, हे झारखंडच्या त्या २८ युनिटांनी दाखवलंय.

तेव्हा पुढच्या वेळी क्षयाच्या नव्या संशोधनाची बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. प्रयोगानं नेमकं विचारलं काय होतं? 'इतके टक्के कमी' म्हणजे किती माणसांमागे किती? आणि ज्या घरात तो रुग्ण राहतो, त्या घरापर्यंत यातलं काय पोचणार आहे? तिसरा प्रश्न निबंधात बहुतेक वेळा नसतो. तो आपणच लावून धरायचा.